आठ दिग्दर्शक, एक फोन आणि वाटाण्याची कुंडी: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

तीन आठवडे यादीत गेले, ते आधीच सांगून टाकतो.

'जगातले सर्वांत महान दिग्दर्शक' अशी यादी करायला बसलो होतो. ब्रिटनमधलं 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं, तिथून सुरुवात केली. पहिल्या कौलात दे सिकाचा 'बायसिकल थीव्हज' पहिला. १९६२ ते २००२ सलग पाच वेळा वेल्सचा 'सिटिझन केन'. २०१२ मध्ये हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'नं त्याला खाली ओढलं आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमानचा 'जान दिएलमान' वर आला. त्याच वर्षी दिग्दर्शकांचा कौल वेगळाच लागला, त्यांनी कुब्रिकच्या '२००१'ला निवडलं. मी हे सगळं एक्सेलमध्ये घातलं. चाळीस नावं, सात रकाने, गुण, सरासरी. कुरोसावा वर की बर्गमन, यावर धाकट्या बहिणीशी दोन संध्याकाळी वाद घातला. दुसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "दादा, यातल्या एकाचा तरी एक शॉट तुला घेता येईल का?"

नाही येणार. फाइल बंद केली.

नवं काम असं: एक दिग्दर्शक, त्याचा एक शॉट किंवा एक युक्ती, हातातला फोन, एक खोली आणि बाहेरचा पॅसेज. नटमंडळी म्हणजे बहीण. जमलं तर पुढचा, नाही जमलं तर का ते इथे लिहायचं.

५ जानेवारी

पहिलं काम फाळक्यांच्या नावानं, कारण त्याला वेळ लागणार. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, पण त्याआधी दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर त्याची वाढ टिपली आणि ती फिल्म दाखवून भांडवल मिळवलं. मीही कुंडी भरली, चार दाणे पेरले, जुना फोन खिडकीपाशी स्टँडवर बसवला. रोज सकाळी आठला एक फ्रेम.

९ ते ११ जानेवारी: मेलिएस

खुर्चीवर बसलेली बाई, तिच्यावर चादर, चादर काढली की बाई गायब. सुरुवातीच्या सिनेमातला फ्रेंच जादूगार-दिग्दर्शक मेलिएस, त्यानं हे १८९६ मध्ये केलं. युक्ती शाळकरी पोरालाही माहीत आहे: कॅमेरा थांबवा, बाईला उठवा, कॅमेरा सुरू करा. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

पहिला टेक: पॉजचं बटण दाबताना फोन हलला. खुर्ची टुणकन डावीकडे उडी मारते. दुसरा टेक रिमोटवर घेतला. आता फोन हलला नाही, पण पांढऱ्या कपड्यातली बहीण फ्रेममधून गेल्याबरोबर फोननं आपणहून एक्स्पोजर वाढवलं आणि मागचा पडदा लख्ख झाला. जादू न वाटता दिवे गेल्यासारखं वाटतं. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक केले. (ही पायरी पहिल्या दिवशीच करा. पुढच्या सगळ्या नोंदींत मी हे गृहीत धरलं आहे.) तिसऱ्या टेकला माझाच हात नडला. चादर धरलेला हात थांबताना एका उंचीवर होता, सुरू होताना चार बोटं खाली.

शेवटी कॅमेरा थांबवायचाच नाही असं ठरवलं. चालू ठेवला, "स्टॅच्यू" म्हणालो, बहीण उठून गेली, मी हात खुर्चीच्या पाठीला टेकवून श्वास रोखून उभा. नंतर मधला भाग कापला, पुढची-मागची एकेक फ्रेम तपासून सांधा जुळवला. जमलं.

मग कळलं ते असं. मेलिएसचा कॅमेरा रस्त्यावर चित्रण करताना अडकला आणि बसच्या जागी शववाहिनी दिसली, ही त्यानंच सांगितलेली गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच्या प्रती नंतर ज्यांनी बारकाईनं तपासल्या त्यांना जादूच्या जागी फिल्मला जोड सापडले. म्हणजे तोही नुसता कॅमेरा थांबवून गप्प बसत नव्हता, टेबलावर बसून फ्रेमा छाटत होता. अपघाताची गोष्ट ऐकायला बरी, पण माझे दोन दिवस तिनंच खाल्ले.

१९ जानेवारी

वाटाण्याला कोंब आला, मी खुश. मग साधा हिशेब केला, जो ५ तारखेलाच करायला हवा होता. सेकंदाला २४ फ्रेम. रोज एक फ्रेम म्हणजे महिन्याभरात तीस. सव्वा सेकंद! चौदा दिवसांची मेहनत अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त. नवीन दाणे पेरले, फोनला चार्जर कायमचा लावला, दिवसा तासाला एक याप्रमाणे रोज बारा फ्रेमा. तीस दिवसांत ३६०, म्हणजे पंधरा सेकंद.

२२ ते २८ जानेवारी: ओझू

जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी', १९५३. कॅमेरा खाली, हलत नाही, ५० मिलिमीटरची लेन्स. एवढं सगळ्यांना पाठ असतं. मलाही होतं.

पहिल्या दिवशी फोन जमिनीवर ठेवला आणि मान वर केली. बहिणीच्या नाकपुड्या, हनुवटी आणि अर्धा फ्रेमभर छत. हा ओझू नव्हे, ही पोलिसात तक्रार करण्याजोगी फ्रेम. त्याचा कॅमेरा खाली असतो, पण मान जवळपास सरळ असते. बसलेल्या माणसासमोर आपणही बसावं तशी. उंची दीड-दोन फुटांवर आणली, फोन पाणसळीनं सरळ केला. उभ्या रेषा उभ्या राहिल्या.

तरीही चित्र त्याच्यासारखं दिसेना. खोली पसरट वाटत होती, माणूस त्यात हरवलेला. फोनच्या कॅमेऱ्यात दोनपट झूमला '५२' लिहिलेलं असतं, मी म्हटलं हेच ते पन्नास. इथे चार दिवस गेले. फोनवरचे हे आकडे स्थिरचित्राच्या ३६ मिलिमीटर रुंद फ्रेमच्या हिशेबानं असतात. ओझूच्या सिनेमाच्या फिल्मवर फ्रेमची रुंदी साधारण २२ मिलिमीटर. त्यामुळे त्याचे पन्नास म्हणजे माझ्या फोनच्या भाषेत ८२ च्या आसपास. तीनपट झूमची वेगळी लेन्स ७७ ची निघाली, ती चालली.

पण मग मागे सरकायला जागा हवी. बसलेला माणूस नीट मावायला तीन मीटर लागतात आणि माझी पाठ भिंतीला लागली. ट्रायपॉड दाराबाहेर पॅसेजमध्ये नेला. आता फ्रेमच्या दोन्ही बाजूंना दाराची चौकट आली, मध्ये खोली, खोलीत बहीण. ती पडद्यावर पाहून म्हणाली, "हे खरंच तसं दिसतंय की!" दारातून दार, चौकटीत चौकट ही त्याची शैली म्हणून मी वहीत लिहून ठेवली होती. छोट्या खोलीत लांब लेन्स लावली की दुसरं होणारच काय?

वेळ: सहा दिवस. त्यातले चार त्या '५२'मुळे.

३१ जानेवारी ते ६ फेब्रुवारी: वेल्स

'सिटिझन केन' (१९४१) मधला तो शॉट: अगदी पुढे मोठा ग्लास आणि औषधाची बाटली, मध्ये पलंगावर केनची बायको सुसान, मागे दूर दार, दारातून केन आत येतो. सगळं स्पष्ट. पुस्तकं याला डीप फोकस म्हणतात आणि श्रेय छायाचित्रकार ग्रेग टोलंडला देतात.

फोनचा सेन्सर बारका, त्यामुळे डीप फोकस फुकटात मिळतो असं मी गृहीत धरलं. बहिणीपासून दारापर्यंत मिळतोही. पण ग्लास लेन्सपासून वीतभर अंतरावर आला की तो तरी धूसर, नाहीतर मागचं सगळं. तीन संध्याकाळी ग्लास पुढे-मागे करत बसलो. दिवे वाढवले. एक ग्लास फोडला.

चौथ्या दिवशी वाचत बसलो तेव्हा उलगडलं: तो शॉट एका दमात घेतलेलाच नाही. पुढच्या ग्लासवर प्रकाश आणि मागे अंधार ठेवून एकदा चित्रण, मग फिल्म उलटी गुंडाळून, पुढे अंधार आणि मागे प्रकाश ठेवून त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा. थोडा वेळ फसवल्यासारखं वाटलं, मग हायसं.

तसंच केलं. फोन ट्रायपॉडला चिकटपट्टीनं बांधला. पहिला टेक: खोलीत काळोख, ग्लासवर एकच दिवा. दुसरा: ग्लास काढून टाकला, खोलीत प्रकाश, बहीण मध्ये, मी दारातून आत. एडिटिंगमध्ये दोन्ही एकमेकांवर 'स्क्रीन' पद्धतीनं टाकले, काळं ते निघून जातं. पहिल्या वेळी पॅसेजचा दिवा चालू राहिला होता, त्यामुळे बहिणीशेजारी खुर्चीचं भूत दिसत होतं. दुसऱ्या वेळी टेबलाची कड जुळेना. फोकस बदलला की फ्रेम किंचित लहान-मोठी होते, दुसरा टेक तीन टक्के मोठा केल्यावर कड जुळली.

९ फेब्रुवारी: गोदार

एका संध्याकाळी आटोपलं. 'ब्रेथलेस' (१९६०) लांबला म्हणून गोदारनं शॉटच्या आतलेच तुकडे कापले, हे खरं. मी बहिणीला दोन मिनिटं बोलायला लावलं आणि मधूनमधून कापलं. झालं काय, तर कुठल्याही मोबाईल व्हिडिओसारखं दिसलं. सगळी दुनिया आता तसंच कापते.

मूळ शॉट पुन्हा पाहिला. गाडीत जीन सीबर्गचं डोकं जागच्या जागी राहतं आणि उड्या मारतो तो मागचा रस्ता. मग बहिणीला चाकांच्या खुर्चीवर बसवून पॅसेजभर ढकललं. एका हातात खुर्ची, एका हातात फोन, डोकं फ्रेमच्या त्याच जागी. आता कापल्यावर मजा आली. त्या सिनेमाचा छायाचित्रकार राउल कुतार व्हीलचेअरवर बसून शॉट घेत असे, त्यामुळे आमची खुर्ची अगदीच परंपरेबाहेरची नाही.

१४ ते २० फेब्रुवारी: हिचकॉक

'व्हर्टिगो' (१९५८), जिन्यातून खाली पाहताना जमीन दूर पळते तो शॉट. कॅमेरा एकीकडे सरकतो, झूम उलटीकडे. कल्पना दुसऱ्या युनिटचा छायाचित्रकार इर्मिन रॉबर्ट्स याची. खऱ्या जिन्यावर कॅमेरा उचलायला पन्नास हजार डॉलर लागतील असं हिचकॉकला सांगण्यात आलं. त्यानं जिन्याची प्रतिकृती केली, ती आडवी झोपवली आणि एकोणीस हजारांत काम भागवलं. माझ्याकडे जिनाही नाही, म्हणून माणसाच्या चेहऱ्यावर.

चूक एक: फोनचाच झूम वापरला. एका टप्प्यावर फोन एका लेन्सवरून दुसरीवर उडी मारतो, तिथे चित्राला उचकी लागते. झूम पूर्ण सोडला. फोर-के मध्ये एकाच लेन्सनं चित्रण, झूम एडिटिंगमध्ये. फोर-केची रुंदी ३८४०, शेवटचा व्हिडिओ १९२०, म्हणजे बरोबर दुप्पट मोठं करेपर्यंत काही बिघडत नाही. त्यामुळे एक मीटरवरून सुरू करून दोन मीटरवर थांबायचं. अंतर दुप्पट, झूम दुप्पट, चेहरा तेवढाच.

चूक दोन: अंतर मी मागच्या भिंतीपासून मोजलं. चेहरा आक्रसत गेला. दोन टेक झाल्यावर बहिणीनं विचारलं, "भिंतीचा शॉट आहे का माझा?" मोजायचं असतं चेहऱ्यापासून.

चूक तीन: खुर्ची एकसारख्या वेगानं मागे जात नाही. सुरुवातीला रखडते, मग सुटते. सरळ दोनच बिंदू लावून झूम केलं तर चेहरा श्वास घेतल्यासारखा फुगतो. उपाय साधा निघाला. जमिनीवर दर पंचवीस सेंटिमीटरला खडूची खूण, बहीण प्रत्येक खुणेला टाळी वाजवते. एडिटिंगमध्ये टाळीच्या जागी १००, १२५, १५०, १७५, २०० टक्के. टाळ्यांचा आवाज नंतर काढला.

मागची कपाटं अंगावर चालून येतात असा सहा सेकंदांचा शॉट मिळाला. सात दिवसांतला सगळ्यात समाधानाचा.

२४ फेब्रुवारी

वाटाण्याचं: बहिणीनं पाणी घालताना कुंडी फिरवली. "उन्हाकडे झुकलं होतं, सरळ केलं." वेल एका फ्रेममध्ये डावीकडे, पुढच्यात उजवीकडे. रागावता येईना, कारण कुंडीवर 'हलवू नये' असं मी कुठे लिहिलं होतं? आज लिहिलं.

२६ फेब्रुवारी ते २ मार्च: राय

खरं तर हा शॉट सत्यजित रायइतकाच त्यांचे छायाचित्रकार सुब्रत मित्रांचा. 'अपराजितो' (१९५६) साठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. खऱ्या अंगणात प्रकाश आभाळातून येतो, सगळीकडून, सावली न पाडता. स्टुडिओतल्या दिव्यांना ते जमत नाही, प्रत्येक दिवा आपली एक सावली टाकतो. मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे माणसांवर न रोखता कापडावर रोखले.

पलंगपोस कपाटापासून पडद्याच्या दांडीपर्यंत बांधला. दिवा वर रोखला. कापडावर मधोमध एक पांढरा डाग उमटला आणि तोच डाग दिव्यासारखी सावली पाडू लागला. दिवा कापडाच्या फार जवळ होता. खाली जमिनीवर आणला तशी डागाची चकती मोठी होत गेली आणि कापड पूर्ण उजळल्यावर नाकाची सावली विरघळली. पण प्रकाश फारच कमी उरला, दुसरा दिवा जोडावा लागला. चेहरा पिवळट येत होता तो दिव्यामुळे नव्हे, पलंगपोस मुळात पांढरा नव्हता, सायीच्या रंगाचा होता. दिवसाउजेडी लक्षातच आलं नव्हतं.

जमलं की नाही हे कसं ओळखायचं? डोळ्यात बघा. सरळ दिव्यात बुबुळावर टाचणीएवढा ठिपका असतो. कापडाखाली तिथे अख्खी खिडकी उघडल्यासारखा मऊ पांढरा पट्टा दिसतो.

५ ते ८ मार्च: कुब्रिक

हे अर्धवट सुटलं.

'बॅरी लिंडन' (१९७५) मधले मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग. झाइसची एफ ०.७ ची लेन्स (हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त आत येतो), मुळात नासासाठी बनवलेली. माझ्या फोनची एफ १.८. आकडे शेजारी शेजारी वाटतात, पण प्रकाशात साडेसहापट फरक. तीन मेणबत्त्यांत बहिणीचा चेहरा म्हणजे करड्या मुंग्यांचं वारूळ. शटर हळू केलं तर हात हलला की शेपूट उमटतं.

मग फ्रेमबाहेर नऊ मेणबत्त्या, मागे कुस्करून पसरलेली ॲल्युमिनियमची फॉइल. कुब्रिकच्या सेटवरही वर धातूचे परावर्तक होते, तेवढी सोबत. मेणबत्त्या चेहऱ्याच्या निम्म्या अंतरावर आणल्या की प्रकाश चौपट होतो, पण मग उष्णताही. "दादा, भुवया जळतील माझ्या," असं तिनं म्हटल्यावर थांबलो. बादलीभर पाणी आणि ओलं फडकं जवळ होतं, पडदेही आधी काढून ठेवले होते. ते केल्याशिवाय यात पडू नका. खर्च: टेबलावर मेणाचे दोन डाग, जे अजून आहेत.

मिळालेल्या चाळीस सेकंदांतले बारा बरे आहेत. चेहरा उजळला की ज्योत पांढरी फटक होते, हे शेवटपर्यंत सुटलं नाही.

१३ मार्च

वाटाणा पूर्ण. कुंडी फिरल्याची उडी तशीच ठेवली आहे. वेल दोऱ्याला पकडायच्या आधी हवेत गोल गोल चाचपडतो, हे काही सेकंदांत दिसतं. खिडकीत दोन महिने रोज पाहूनही दिसलं नव्हतं.

१५ ते १९ मार्च: आकेरमान

मुद्दाम शेवटी ठेवला, सोपा म्हणून. 'जान दिएलमान' (१९७५), २०१ मिनिटं. आकेरमान तेव्हा चोवीस वर्षांची. कॅमेरा कधीच हलत नाही. देल्फीन सेरिग पाठमोरी उभी राहून भांडी घासते आणि आपण बघत राहतो. ट्रायपॉड, एक फ्रेम, बहीण, मोरी. चूक व्हायला जागाच कुठे?

पहिला टेक चांगला चालला होता. सातव्या मिनिटाला फोन तापला आणि चित्रण बंद झालं. 'रोप' करताना हिचकॉकच्या कॅमेऱ्यात हजार फुटांचं रीळ मावायचं, दहा-अकरा मिनिटांनी शॉट संपवावाच लागे. माझं रीळ सात मिनिटांचं निघालं. तारकोव्हस्कीच्या 'द सॅक्रिफाइस' (१९८६) मध्ये जळत्या घराचा लांबलचक शॉट चालू असताना कॅमेरा अडकला, घर मात्र जळून गेलं. पुन्हा घर बांधलं, पुन्हा जाळलं, दुसऱ्या वेळी दोन कॅमेरे लावले. आमच्या बाबतीत घासून झालेली भांडी होती.

मी म्हटलं, तीच पुन्हा घास. तिनं घासली. फोन फोर-केवरून उतरवला, कव्हर काढलं, मागे पंखा लावला, शॉट पूर्ण नऊ मिनिटं मिळाला. आणि तो बघवेना. काय खटकतंय ते दोनदा पाहिल्यावर कळलं: स्वच्छ ताटावर हात नुसता गोल फिरत होता. जोर नव्हता, कुठे थांबणं नव्हतं. पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावरूनही ते दिसतं.

म्हणून दोन दिवस थांबलो. भांडी खरोखर साठू दिली, काल रात्री जेवणानंतर ट्रायपॉड लावला आणि मी खोलीबाहेर गेलो. "काय करू?" "काही नाही, घास."

आठ मिनिटं दहा सेकंद. पाचव्या मिनिटाच्या आसपास ती एक पातेलं तिरकं करून उजेडाकडे धरते, तळाशी नखानं काहीतरी खरवडते, थांबते, पुन्हा खरवडते. मग पाण्याखाली धरून बोटानं तीच जागा चाचपून बघते. मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, "खरकटं राहिलं होतं."